एकाच पाण्यानं धुतलेला पेला

माझ्या हुद्द्याचं नाव प्रयोगशाळा सहायक. त्यातून लोकांना काही कळत नाही, म्हणून मी सांगते की मी कॉलेजात भांडी सांभाळते. समोरची बाई विचारते, "कँटीनला का?" मी म्हणते, "केमिस्ट्रीला." मग ती विषय बदलते. केमिस्ट्रीला भांडी लागतात हे तिला पटलेलं नसतं.

लागतात. बीकर, फ्लास्क, ब्युरेट, पिपेट, शिवाय नावं नसलेली बरीच. मुलं प्रयोग करतात, सर लोक शिकवतात, आणि दोघांच्या मध्ये एक स्वच्छ भांडं असावं लागतं. ते माझं काम. भांडं स्वच्छ असलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. नसलं तर सगळा प्रयोग चुकतो आणि मुलांना वाटतं की पुस्तक चुकलंय.

आमच्याकडं, म्हणजे उमरग्याच्या बाजूला, पाण्याची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे ते नसतं. दुसरं म्हणजे ते असतं तेव्हा बोअरचं असतं. त्यात क्षार इतके की काच धुऊन वाळवली की धुण्याआधी बरी दिसत होती असं वाटतं. शुद्ध पाणी करायचं यंत्र आहे, पण ते एक बाटली शुद्ध पाणी देण्यासाठी दोन बादल्या साधं पाणी गटारात सोडतं. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की ते यंत्र बंद. मग आम्ही हायवेवरच्या बॅटरीच्या दुकानातून ट्रकच्या बॅटरीत घालायचं पाणी आणतो. दुकानदार विचारतो, "मॅडम, किती गाड्या आहेत तुमच्या?"

मी नोकरीला लागले तेव्हा भांडी धुण्याचं काम दगडूमामांकडं होतं. मामा विभागाचे परिचर, माकणीचे. मी बी.एस्सी. झालेली, कागदोपत्री त्यांच्यावर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नळाजवळ उभं केलं आणि एक बीकर हातात दिला.

"विसळा," म्हणाले.

मी विसळला.

"अजून."

अजून विसळला.

"अजून एकदा. पहिल्या पाण्यानं मळ जातो, दुसऱ्यानं औषध जातं, तिसऱ्यानं आपला संशय जातो. तिसरं पाणी सोडलं तर भांडं धुतलं असं म्हणायचं न्हाय."

नळाच्या वर त्यांनी एक शाळेची पाटी टांगली होती. प्रत्येक पाण्याला पाटीवर एक रेघ. तीन रेघा झाल्याशिवाय भांडं कपाटात जात नसे. रोज संध्याकाळी मी ती पाटी एका वहीत उतरवून घ्यायचे. हे करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. उतरवल्याशिवाय पाटी पुसली तर मला चैन पडत नसे, एवढंच.

मामांविषयी एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं. पूर्वी काच धुवायला क्रोमिक ॲसिड वापरायचे. नारंगी-लाल, दाट. काचेवर काही म्हणजे काही उरू देत नाही. हातावरही नाही. मामांच्या बोटांवर लहान लहान खड्डे पडले होते, बी टोचून काढावी तसे. ते त्यात एरंडेल भरायचे. हातमोजे होते, तेही भोकं पडलेले. ते द्रावण मी तयार करून द्यायचे. नऊ वर्षं दिलं. मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणता येईल, पण बाटलीवर लिहिलेलं होतं आणि मला वाचता येत होतं.

मामा निवृत्त होताना त्यांनी मला नमस्कार केला तेव्हा मी त्यांची बोटं जवळून बघितली. पुढच्या सोमवारी उरलेलं क्रोमिक ॲसिड कुलपात टाकलं आणि बाजारातून लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आणलं. तेच, सरबतात आणि ढोकळ्यात घालतात ते पांढरं. पाण्याचे क्षार त्यानं निघतात, चिकटलेली पांढरी पुटं निघतात. तेलकट डाग निघत नाहीत, त्याला साबण आहे. मामांची जागा भरली गेली नाही. धुणं माझ्याकडं आलं, पाटीसकट.

किराणा दुकानवाले आप्पा घरात कानडी, गल्ल्यावर मराठी आणि उधारी मागणाऱ्याशी हिंदी बोलतात. ते दर महिन्याला विचारायचे, "मॅडम, कॉलेजात रोज ढोकळा का?"

"भांडी धुते, आप्पा."

"एवढं शिकून?"

"शिकल्याशिवाय येत नाही."

"आमच्या सूनबाईला पाठवतो," आप्पा म्हणायचे. "तिचं शिक्षण जरा कमी पडतंय."

आता सुवर्णाकडं येते.

सुवर्णा भूमची. आमच्याकडं तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जेवढे तास तेवढी मॅडम. त्याच वेळी आमच्याच विभागातल्या स्वामी सरांकडं पीएच.डी. करत होती. तिचा विषय झिंक ऑक्साइडचे स्फटिक. झिंक ऑक्साइड म्हणजे अंगाला खाज सुटली की लावायच्या गुलाबी औषधात असते ती पांढरी पूड. सुवर्णा ती अतिशय बारीक करायची. केसाच्या जाडीचे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाएवढी.

ही पूड रंगीत पाण्यात टाकून उन्हात ठेवली की पाण्यातला रंग मोडतो. गाळला जात नाही, तळाला बसत नाही, मोडतो. पूड स्वतः तशीच राहते, काम ऊन करतं. कापड रंगवल्यावर जे पाणी उरतं ते असं साफ करता येईल का, हा प्रश्न. आमच्या जिल्ह्यात पाणी मोजून मिळतं, ऊन मात्र कितीही घ्या, त्यामुळं विषय मला पटला होता. केमिस्ट्रीतले सगळे विषय पटत नाहीत.

मेख आकारात आहे. एकाच पिठाचा गोळाही होतो आणि भाकरीही होते. तव्यावर गोळा ठेवला तर आत कच्चा राहतो, भाकरी थापली तर सगळीकडून भाजते. या स्फटिकांचंही तसंच. झिंक ऑक्साइड आपल्या मनानं वाढलं तर सहा कडांच्या पेन्सिलीसारख्या कांड्या होतात. पेन्सिलीचं जे सपाट टोक, तिथं काम चांगलं होतं, बाजूंना कमी. म्हणून कांडीऐवजी चपटी चकती हवी. चकती म्हणजे जवळजवळ सगळं टोकच.

कांड्या आपोआप होतात. चकत्या करायला काहीतरी घालावं लागतं. सुवर्णाच्या हातात परदेशातला एक पेपर होता, त्यात हायड्राझिन घातलं होतं.

हायड्राझिन हा द्रव. दिसायला पाण्यासारखं, वासाला शिळ्या मासळीवर अमोनिया ओतल्यासारखं. श्वासातून जातं, कातडीतून जातं, यकृताला लागतं, आणि पुढं कॅन्सरचाही संशय आहे. तापवलं तर त्याचा वायू होतो. आणि आम्ही ते बंद डब्यात तापवणार होतो. जाड स्टीलचा डबा, वर आट्यांचं झाकण, आत टेफ्लॉनचा पांढरा पेला. पेल्यात मिश्रण ओतायचं, झाकण आवळायचं, दुपारी भट्टीत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचं. शिट्टी नसलेला कुकर समजा. शिट्टी नाही, हेच त्यातलं लक्षात ठेवायचं.

मी स्वामी सरांना म्हटलं, "सर, आपल्याकडं विषारी वाफ ओढणारं कपाट आहे, पण त्याच्या पंख्यात कबुतरं राहतात."

"मॅडम, पेपरात लिहिलंय. लोकांनी केलंय."

"त्यांच्याकडं कबुतरं नसतील."

सर हसले. सर माणूस चांगला. पण पेपरात छापलेल्या गोष्टीत माणसाचं नाक नसतं, हे त्यांना कधी वाटलं नाही. मी बाटली दिली. वहीत सही घेतली. सही घेतली म्हणजे जबाबदारी संपली, असं तेव्हा मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णानं भट्टीचं दार उघडलं. डब्याचं झाकण आतल्या दाबानं सैल झालं होतं आणि भट्टीत सगळा वायू साठला होता. दार उघडलं तसा तो तिच्या तोंडावर आला. मी धावत गेले तेव्हा ती खाली बसून खोकत होती आणि डोळे उघडत नव्हते. तिला बाहेर कडुलिंबाखाली आणलं, डोळ्यांवर पाणी मारलं. टँकरचा दिवस होता हे नशीब. मग तिला उलट्या सुरू झाल्या. सरांनी गाडी काढली. मी जाताना हायड्राझिनच्या बाटलीवरच्या लेबलचा फोटो काढून घेतला, कारण डॉक्टर विचारणार.

डॉक्टरांनी विचारलंच. फोटो मोठा करून तीनदा वाचला.

"हे कशाला वापरता तुम्ही?"

मी म्हटलं, "पाणी स्वच्छ करायला."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी खरं तेच सांगितलं होतं.

सुवर्णा दोन दिवस दवाखान्यात होती. नंतर महिनाभर तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्या बऱ्या आल्या. मी बाटली क्रोमिक ॲसिडच्या शेजारी कुलपात ठेवली आणि चावी कंबरेला अडकवली. सरांना सांगितलं, "ही आता मिळणार नाही."

"मग चकत्या कशानं करायच्या?"

"ते तुम्ही बघा. मी भांडी धुते."

सुवर्णानं हायड्राझिनशिवाय सुरुवात केली. आधी सगळ्या कांड्याच झाल्या. तापमान कमी केलं, कांड्या. जास्त केलं, जाड कांड्या. सोळा वेळा. चाचणी अशी असायची की तीन बीकर घ्यायचे, तिन्हींत निळा रंग. एकात पूड घालून उन्हात, एकात पूड न घालता उन्हात, एकात पूड घालून काळ्या कागदात गुंडाळून. मधे मधे थेंब काढून रंग किती उरला ते यंत्रावर मोजायचं. सुवर्णाच्या कांड्यांनी रंग जायला दिवस मावळायचा.

सतराव्या वेळी मी जेवणाचा डबा उघडत होते तेव्हा सुवर्णा आली.

"मॅडम, बीकर बघायला या."

"जेवून येते."

"तवर बघायला काई राहणार न्हाय."

गेले. पूड घालून उन्हात ठेवलेला बीकर पाण्यासारखा दिसत होता. बाकीचे दोन निळे. माझ्या हातात चपातीचा तुकडा होता, तो मी तिथंच उभ्यानं खाल्ला.

पूड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायला बाहेर पाठवली. फोटो यायला बरेच दिवस लागले. आला तो असा: सहा कोनांच्या पातळ चकत्या, एकीवर एक पडलेल्या, मशीनवर कापल्यासारख्या. स्वामी सरांनी पेढे आणले. मग म्हणाले, "आता हेच अजून तीनदा करून दाखव. तीनदा झालं की पेपर पाठवू."

नियम बरोबर होता. एकदा झालं त्याला केमिस्ट्रीत काही किंमत नाही.

अठरावी खेप, कांड्या. एकोणिसावी, कांड्या. विसावी, एकविसावी, कांड्या. सुवर्णानं बॅटरीवाल्याचं पाणी बदललं. रसायनाची नवी बाटली फोडली. भट्टीतला कप्पा बदलला. सतराव्या खेपेला जो ड्रेस घातला होता तोही घालून आली, ते मी बघितलं आणि बोलले नाही. तिच्या नोंदणीची मुदत आधीच एकदा वाढवून घेतलेली होती. ती संपत आली होती. संपली तर पाच वर्षांचं काम कपाटात, आणि भूमला घरचे वाटच बघत होते की हे खूळ कधी जातंय.

सरांना शंका येऊ लागली. त्यांनी तिला माझ्यासमोरच विचारलं, "फोटोला पाठवलेली पुडीची बाटली आपलीच होती ना? दुसऱ्या कुणाची मिसळ तर नाही झाली?"

"सर, मी लबाड हाय का?" एरवी ती सरांशी पुस्तकी मराठी बोलायची.

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणताय?"

सर खिडकीबाहेर बघू लागले.

सर गेल्यावर ती माझ्याकडं आली. हातात यादी होती. सतराव्या खेपेला केलेली एकूण एक गोष्ट तिनं लिहून काढली होती, अगदी ढवळायची काडी कोणती ते सुद्धा.

"मॅडम, तुमच्याकडून त्या दिवशी काही वेगळं झालं होतं का? धुताना?"

"नाही," मी म्हटलं. "नेहमीसारखं. तीन पाणी."

हे मी विचार न करता म्हटलं. इतकी वर्षं हेच उत्तर होतं आणि ते खरं होतं. तिनं यादीत धुण्यासमोर बरोबरची खूण केली आणि गेली.

मी वही काढली, तिचं समाधान करायला नाही, माझं करायला. सतराव्या खेपेच्या आदल्या दिवसाचं पान उघडलं. टेफ्लॉनचा पेला, त्यापुढं लिंबूसत्व. त्यापुढं एक रेघ.

मग आठवलं. त्या आठवड्यात टँकर आला नव्हता. प्रयोगशाळेत सगळी मिळून एक बादली होती आणि बारावीची प्रात्यक्षिकं होती. पेल्याच्या आत पुडीचं पांढरं पूट चिकटलं होतं, ते सुटावं म्हणून मी त्यात लिंबूसत्वाचं दाट पाणी भरून ठेवलं होतं. नंतर ते ओतलं, पेला एकदा खळबळला, पालथा घातला. उरलेल्या पाण्यात बारावीची भांडी झाली. पेल्याच्या तळाला एक खाच आहे, तिच्यात ते दाट पाणी नक्की राहिलं असणार. सुवर्णानं आपलं मिश्रण त्यावरच ओतलं.

मी एकच रेघ मारली होती, म्हणजे पाटीशी लबाडी केली नव्हती. लबाडी सुवर्णाशी केली होती, नुकतीच, तोंडानं.

उठून तिच्या मागं जायचं होतं. मी गेले नाही. तो गुरुवार होता. शुक्रवारी सांगू म्हटलं, शुक्रवारी विद्यापीठाचे लोक आले होते. शनिवारी ती दिसली नाही. रविवार. सोमवारी ती समोर होती आणि मी तिला विचारलं की चहा घेणार का. चार दिवस. कारण काही थोर नव्हतं. आजूबाजूच्या कॉलेजांतून सर लोक यायचे तेव्हा स्वामी सर माझं कपाट उघडून दाखवायचे. "आमच्या कदम मॅडमची काच बघा." ते मला आवडायचं. माझ्या नावावर दुसरं काही नव्हतं.

मंगळवारी सकाळी सर आणि सुवर्णा दोघं माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, कुलपाची चावी द्या," सर म्हणाले. "मुदत संपतेय. हायड्राझिनची पद्धत छापलेली आहे, तिच्यानं निदान काहीतरी होईल. या वेळी मी स्वतः थांबतो. खिडक्या उघड्या ठेवू."

सुवर्णानं स्कार्फ आधीच तोंडाला गुंडाळला होता. स्कार्फनं हायड्राझिन अडत नाही हे तिला माहीत होतं. तरी गुंडाळला होता.

"चावी देत नाही," मी म्हटलं. "आधी वही बघा."

पान उघडून पुढं केलं. सरांनी चष्मा वर केला.

"एकच रेघ?"

"एकच."

"बाकीच्या दोन मारायच्या राहिल्या?"

"मारायच्या नाही. धुवायच्या राहिल्या."

सर माझ्याकडं असं बघू लागले, जसं काही मी प्राचार्यांचा खून केल्याचं सांगत होते. सुवर्णा वहीकडं बघत होती.

"मॅडम, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही तीन म्हणालात."

"हो. गुरुवारी. त्याच दिवशी मला कळलं."

"आज मंगळवार आहे."

"हो."

तिनं वही आपल्याकडं ओढली.  मग तिनं विचारलं, "पेल्यात काय होतं?"

"लिंबूसत्व. दाट."

तिनं स्कार्फ सोडला आणि स्टुलावर बसली. सर म्हणाले, "अय्यो! म्हणजे घाण होती म्हणून चकत्या झाल्या?"

"घाण नाही सर," सुवर्णा म्हणाली. "तिसरा पदार्थ."

मी तीन पेले काढले. एक लिंबूसत्वानं भरून ठेवून एकदा धुतला. दुसरा तसाच भरून ठेवून तीनदा धुतला. तिसरा कोरा, त्यात सुवर्णानं लिंबूसत्व तोलून टाकलं, चिमूटभर. तिन्हींत मिश्रण ओतून डबे भट्टीत ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांतली पूड काढली, धुतली, वाळवली, आणि त्याच्या पुढच्या दिवशी बीकर उन्हात ठेवले. आम्ही तिघं कडुलिंबाखाली खुर्च्या टाकून बसलो. केमिस्ट्री विभाग निळं पाणी बघत बसलाय हे बघायला इतिहासाचे दोन सर येऊन गेले.

तीनदा धुतलेल्या पेल्याचा बीकर निळाच राहिला. बाकीचे दोन्ही जेवणाआधी साफ झाले.

कारण नंतर कळलं ते असं. लिंबूसत्व स्फटिकाच्या सपाट टोकाला जाऊन चिकटतं आणि त्याला वर वाढू देत नाही. एखाद्याच्या डोक्यावर कुणी हात दाबून ठेवला तर तो आडवाच वाढेल, तसं. फार थोडं घातलं तर कांड्या, फार घातलं तर धड काहीच नाही. मधलं प्रमाण सापडायला सुवर्णाला अजून बऱ्याच खेपा लागल्या, पण त्या खेपांत कुणी खोकलं नाही. आणि हेही कळलं की लिंबूसत्व असं चिकटतं हे जगात आधीच काही लोकांनी लिहून ठेवलेलं होतं. शोध आमचा नव्हता. ते पेपर आमच्या हातात पडले नव्हते, हायड्राझिनचा पडला होता. सुवर्णानं पुढं आमच्या बोअरच्या क्षारांच्या पाण्यात, आमच्या उन्हात ती पूड किती दिवस टिकते ते तपासलं. ते मात्र आधी कुणी केलेलं नव्हतं, कारण असलं पाणी कुणी मुद्दाम वापरत नाही.

सर म्हणाले, "पेपरात किराणा दुकानातलं लिंबूसत्व चालणार नाही, शुद्ध मागवा." मागवलं. आप्पांचं दुकान मी सोडलं नाही, धुण्याला तेच.

तीनदा झालं, पेपर गेला, प्रबंध मुदतीच्या आत गेला. सुवर्णा त्या मंगळवारनंतर दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलली. "मॅडम, पेला." "मॅडम, सही."  तिच्या जागी मी असते तर पेलाही दुसरीकडून आणला असता.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर म्हातारे होते आणि झोपल्यासारखे दिसत होते. मी मागच्या रांगेत चहाच्या थर्मासजवळ बसले होते. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "हायड्राझिन सोडून सायट्रिक ॲसिड घ्यावं हे कसं सुचलं?"

सुवर्णानं स्वामी सरांकडं बघितलं. सर टेबलाकडं बघत होते.

"सुचलं नाही सर," ती म्हणाली. "भांडं नीट धुतलं नव्हतं."

म्हाताऱ्या सरांनी डोळे उघडले. "कुणी?"

"ते वहीत लिहिलेलं होतं सर, म्हणून सापडलं," सुवर्णा म्हणाली. कुणी, ते सांगितलं नाही. म्हातारे सर म्हणाले, "आमच्याकडं पण पुष्कळ भांडी नीट धुतलेली नसतात. वही नाही." मग चहा मागितला.

प्रबंधाच्या शेवटी आभारात माझं नाव आहे, लायब्ररीवाल्यांच्या खाली. पण मी पान दुमडून ठेवलंय ते कृतीच्या प्रकरणातलं. तिथं एक वाक्य आहे: दर खेपेआधी टेफ्लॉनचा पेला तीन वेळा धुतला. इतक्या वर्षांत भांडं धुतल्याचं वाक्य प्रबंधात मी पहिल्यांदा बघितलं.

हायड्राझिनची बाटली अजून कुलपात आहे. ती कुठं टाकायची ते मी लेखी विचारलंय. उत्तर आलेलं नाही. चावी माझ्याकडं आहे.

निकाल लागल्यावर सुवर्णा म्हणाली, "मामांना दाखवून येऊ." तिनं मामांना कधी बघितलं नव्हतं, फक्त पाटी बघितली होती. आम्ही एसटीनं माकणीला गेलो. मामा ओट्यावर बसले होते. बोटांवरचे खड्डे भरून आलेत, डाग राहिलेत. मी ते बघितले हे त्यांनी बघितलं आणि हात धोतरात घेतले.

सुवर्णानं प्रबंध त्यांच्या मांडीवर ठेवला, चकत्यांचा फोटो दाखवला, आणि सगळं सांगितलं. कसं झालं, कुणामुळं झालं, वहीत काय होतं. या वेळी तिनं नाव घेतलं. मामांनी फोटो उलटा धरून बराच वेळ बघितला. मग माझ्याकडं वळले.

"किती रेघा व्हत्या?"

"एक, मामा."

"एकच?"

"पाणी नव्हतं."

"पाणी कवाच नसतं तिथं," मामा म्हणाले. त्यांनी प्रबंध मिटला आणि सुवर्णाच्या हातात परत दिला. "मी असतो तर हे झालंच नसतं."

सुवर्णानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "व्हय मामा."

मग त्यांनी आम्हाला चहा दिला. आमचं पिऊन झाल्यावर पेले उचलून स्वतः नळाखाली घेतले आणि एकेक तीनदा विसळला. धरण शेजारीच आहे, त्यांना परवडतं.